पहारा उठवणारा सुभेदार

तुमच्या माणसांपैकी कुणी आलं नाही. आधी हेच सांगून टाकते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतंत. बँकेची मंडळी आली, सीपरी बाजारातले शेजारी आले, माझ्या माहेरचे झाडून सगळे आले, आपल्या लग्नाला तोंड फिरवून बसलेलेसुद्धा. पण सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत राहणारे तुमचे जुने फौजी, ज्यांच्या मुलींच्या लग्नात तुम्ही मांडवाच्या खांबासारखे उभे राहिलात, त्यांच्यातला एकही स्मशानात दिसला नाही. आपल्या अभयनं परत आल्यावर मला हळूच सांगितलं. बापाला खांदा द्यायला दूधवाला पुढे झाला म्हणाला. मी त्याला म्हटलं, दूधवाला भला माणूस आहे. याहून जास्त काय सांगणार?

मराठीत लिहायला बसले आहे, तेवढी नोंद घ्या. आमच्या घराण्याला झाशीत इतक्या पिढ्या झाल्या की आमची मराठी बुंदेलखंडाच्या पाण्यानंच वाढली. तुम्ही साताऱ्याकडचे, बबीन्याच्या छावणीत बदलून आलेले. मी "जेवून राहिले आहे" म्हटलं की ताटावरून उठून मला हात जोडायचात. "अगं, लिहीत जा दोन ओळी, नाहीतर तुझ्यानंतर या घरात मराठी फक्त आरतीला उरेल," असं म्हणायचात. मी कंटाळा केला. आता लिहिते आहे तर चुका काढणारं कुणी नाही, आणि हे मला फार लागतं. अहो, फार लागतं.

फौजेतून सुटल्यावर बँकेनं तुम्हाला एटीएमच्या राखणीचं काम दिलं तेव्हा मला वाटलं, चला, आता खुर्चीतलं काम. पण यंत्राला साखळी बांधून, गाडी लावून चोर ते मुळासकट उपटून नेतात हे कळलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही घरातल्या प्रत्येक वस्तूकडे "ही उपटता येईल का" अशा नजरेनं बघायला लागलात. गॅसची शेगडी ओट्याला आवळलीत. तुळशीची कुंडी जमिनीत रोवलीत. फ्रिजचे पाय बोल्टांनी फरशीत ठोकलेत, आणि त्याच्या मागे पडलेला माझ्या आईचा चांदीचा चमचा आजतागायत तिथंच आहे. यावरून मी तुम्हाला किती बोलले असेन. तुम्ही हसून म्हणायचात, चोराला चमचा मिळणार नाही हे तरी नक्की.

त्या दुपारी तुम्ही मला डबा घेऊन गोदामाच्या आवारात बोलावलंत, ती दुपार मला आता सारखी आठवते. बँकेचं एक भंगारातलं मशीन तुम्ही तिथल्या फरशीत पक्कं बसवून घेतलं होतं. मोठ गावाहून कुणाचा तरी ट्रॅक्टर आणला होता. बँकेचे तिवारीजी रुमाल डोक्यावर घेऊन सावलीत उभे. साखळी आवळली, ट्रॅक्टरनं धूर सोडला, आणि मशीन हललंसुद्धा नाही. तिवारीजी खूष. मग ड्रायव्हरनं गाडी थोडी मागं घेऊन हिसका दिला आणि मशीन नाही, मशीनखालची अख्खी फरशी उचलली गेली. दाताबरोबर हिरडीचा तुकडा यावा तशी.

"अब क्या करें, सूबेदार साहब?" तिवारीजींनी विचारलं.

"ज़मीन ढालकर पक्की कीजिए। बोल्ट गहरे डालिए। सामने खंभे गाड़िए कि गाड़ी पीठ न लगा सके," तुम्ही म्हणालात. "फिर भी निकलेगी। बस देर लगेगी। और उतनी देर में हमारा आदमी निकल जाएगा।"

"कौन आदमी?"

"गार्ड, साहब।"

तिवारीजी "हाँ, हाँ, वो तो है" म्हणाले आणि माझ्या डब्यातल्या थालीपिठाची चौकशी करू लागले. तुम्ही त्या उखडलेल्या फरशीजवळ उकिडवे बसून राहिलात. जेवलाही नाहीत नीट.

गार्ड सगळे तुमचेच. फौजेतून सुटलेले, इथंच घरं करून राहिलेले, मुलांच्या शाळा सुरू असलेले. तुम्ही एकेकाला बोलावून कामाला लावलं होतंत. त्यांना तुम्ही सांगितलंत, की गाडी येऊन लागली, साखळी दिसली, की पळायचं. तर ते हसले. सगळ्यात जास्त हसला तो किसन पवार, तुमच्याच प्लाटूनमधला, टहरौली गावच्या मशीनवर पहाऱ्याला बसणारा. "साहेब, पोस्ट सोडून पळू म्हणता? ह्या वयात?" तुम्ही चिडलात. मशीनचा विमा आहे, तुझा आहे का, म्हणालात. तो हसतच राहिला. ज्या माणसाला आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली, ती त्याच्या अंगातून काढायची कशी, हे तुम्हाला कळेना. तीही तुम्हीच शिकवलेली.

मग तुम्हाला युक्ती सुचली. सगळ्यांना आवारात रांगेत उभं केलंत, जुन्या आवाजात सावधान केलंत, आणि हुकूम दिलात की आजपासून केबिन ही पोस्ट नाही. केबिन फक्त बघायची जागा. प्रत्येकाची पोस्ट समोर, रस्त्यापलीकडे: कुणाची पेट्रोल पंपावर, कुणाची ढाब्यावर, कुणाची चहाच्या टपरीवर. गडबड झाली की धावत जाऊन पोस्टवर हजर व्हायचं आणि तिथून फोन करायचा. जो केबिनमध्ये थांबेल तो पोस्टवर गैरहजर धरला जाईल. "व्हय साहेब," सगळे एका सुरात म्हणाले. पवारसुद्धा.

घरी आलात ते शीळ घालत. "सैनिकाला पळ म्हणता येत नाही गं," मला म्हणालात, "पण अमुक ठिकाणी हजर हो म्हटलं, की वाऱ्यासारखा जातो." मला तुमचं कौतुक वाटलं होतं. अजूनही वाटतं. पण मी विचारलं होतं, त्याला जर मनातून पटलंच नसेल तर? तुम्ही म्हणालात, हुकूम आहे, त्यात पटायचं काय?

पौषातली ती सकाळ. फोन ठेवलात आणि मला म्हणालात, शाल घे, पवारच्या यमुनेकडे जायचंय. टहरौलीला तुम्ही एकटेच पुढे गेलात, मला पवारांच्या घरी सोडून. तिथं काय पाहिलंत ते तुम्ही मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत, कित्येक महिने. पवारनं शटर आतून ओढून घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. साखळी शटरसकट ओढली गेली, आणि शटरबरोबर तोही. सायरन वाजत होता, पण वाऱ्यानंही तो वाजायचा, म्हणून गावातलं कुणी उठून आलं नाही. ढाबा समोर होता. त्याची पोस्ट. उभं राहिलं की दिसेल एवढ्यावर.

तो का गेला नाही, हे तुम्ही प्रत्येकाला विचारत होतात. ढाबेवाल्याला, ठाणेदाराला, त्याच्या भावाला. कुणी म्हणालं शूर होता. कुणी म्हणालं थंडी होती, शटर लावून आत बसला असेल, उठेपर्यंत उशीर झाला असेल. एकदाच, मला एकटीला, तुम्ही म्हणालात, की तो गेला नाही कारण मी हुकूम दिला तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं होतं, की साहेब स्वतः त्या जागी असते तर गेले नसते. मी म्हटलं, असं काही नसतं. पण मला माहीत होतं, तुम्ही गेला नसतात.

त्या दिवशी यमुना वहिनी चुलीपुढून हलेना. चुलीवर पाणी तापत होतं, पवार पहाऱ्यावरून आला की त्याच्या आंघोळीचं. ती चूल विझवायला तयार होईना. मीच विझवली.

आणि मग ती शोकसभा. सगळी मराठी फौजी मंडळी, बायकामुलांसह. पवारला शहीद म्हणायचं, गणपतीच्या मांडवाशेजारी त्याच्या नावाचा दगड बसवायचा असं ठरत होतं. लोक रडत होते, आणि ते रडणं खरं होतं. तुम्ही उठलात. मी तुमचा सदरा ओढला, तो तुम्ही सोडवलात. म्हणालात, "शहीद म्हणू नका. देशासाठी मरतो तो शहीद. पैशाच्या पेटीसाठी माणूस शहीद होत नाही, मारला जातो. त्याला आपण तिथं बसवलं. मी बसवलं." त्या सभेत पहिल्या रांगेत यमुना वहिनी होती. तिला त्या एका शब्दाचा आधार होता आणि तुम्ही तो तिच्या देखत काढून घेतलात. खरं बोललात, पण माणसानं खरं कधी बोलावं, हे तुम्हाला आयुष्यात कधी कळलं नाही. यावरून मी तुमच्याशी भांडले आणि आजही भांडते आहे.

त्यानंतर तुम्ही बँकेला लेखी कळवलंत की सगळ्या मशीनांवरचा पहारा उठवा. जमीन पक्की करा, खांब गाडा, कॅमेरे लावा, दूरच्या शहरातून बघणारे लोक ठेवा, पण केबिनमध्ये माणूस नको. बँकेला काय, सुंठीवाचून खोकला गेला. खांब आणि पक्की जमीन निम्म्या ठिकाणी कागदावर राहिली, पगार मात्र सगळ्यांचे ताबडतोब वाचले. तुम्ही माणसं वाचवायला निघालात आणि बँकेनं त्यात आपली बचत उरकून घेतली. हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही.

नोकरी गेलेले ते सगळे गार्ड दारात आले होते, आठवतं? मी पाणी घेऊन आले तर कुणी घेईना. पुढे होता तो म्हणाला, "पवार एकदाच मेला साहेब. आम्हाला तुम्ही रोज थोडं थोडं मारताय." तुम्ही म्हणालात, "तुम्ही जिवंत राहून मला शिव्या द्या. चालतील." आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. फक्त यायचे थांबले. त्यातला एक आता बबीन्याला भाजी विकतो. एक गावी परत गेला, तिथं त्याचं कुणी राहिलेलं नव्हतं. गणपतीत तुमच्या हाती आरतीचं ताट येईना, तर तुम्ही मागच्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवत राहिलात, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.

मी त्यांच्या बाजूनं बोलायचे. तुम्हाला वाटायचं मी बँकेत कारकुनी केलेली, मला हिशेब कळतो म्हणून बोलते. हिशेब नव्हता तो. मी म्हणायचे, एकाच्या जागी दोघं ठेवा, केबिनला लोखंडी दार करा, पण माणसाच्या पोटावर पाय देऊ नका. तुम्ही म्हणायचात, दोघं ठेवले तर दोघं मरतील. बंदूक दिली तर समोरचा आधी गोळी घालेल. इथवर आपण भांडायचो. मग मी पगाराचं नाव काढलं की तुम्ही उठून अंगणात जायचात. दर वेळी. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून जाता.

परवा तुमचं दहावं झालं. दुपारी तिवारीजी आले. तुमच्या फोटोला हार वगैरे घातला, डोळे पुसले. मग चहा घेताना म्हणाले, "भाभीजी, कहना तो नहीं चाहिए ऐसे वक़्त में, पर मोठ वाली मशीन कल उखाड़ ले गए। ऊपर से पूछ रहे हैं। कह रहे हैं, सूबेदार साहब की योजना फेल हो गई। गार्ड होता तो शायद..."

"तो शायद क्या होता, भैया?" मी विचारलं.

ते चहा फुंकत राहिले. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. मी त्यांना आणखी काही बोलले नाही, तुमच्यासाठी आलेल्या माणसाला कसं बोलणार. पण आत जाऊन भांड्यांवर राग काढला, आणि माझी मावशी ओरडली की सुतकात आवाज करू नये.

आणि काल यमुना वहिनी आली. शोकसभेनंतर पहिल्यांदा. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. मोठचं तिच्याही कानावर आलं होतं. मला वाटलं, तीही आता म्हणणार की बघा, पहारा उठवून काय मिळालं. ती म्हणाली, "वैनी, मला मोठची ती जागा बघायचीय. तुम्ही येता का?" टहरौलीची जागा तिला कुणी बघू दिली नव्हती, सगळं धुऊन झाल्यावरही. मावशीनं डोक्याला हात लावला. तेरावं झालं नाही आणि विधवा बाई एटीएम बघायला चालली, असं म्हणाली. मावशी चुकीचं काहीच म्हणत नव्हती. मी चपला घातल्या. अभयनं गाडी काढली.

कानपूरच्या रस्त्यावर आम्ही दोघी मागच्या सीटवर, मध्ये माझी पर्स. ऊन असं होतं की खिडकीच्या काचेला हात लावता येत नव्हता. मोठच्या मंडीत ट्रॉल्यांची रांग लागली होती. केबिन मंडीच्या तोंडाशीच आहे, तुम्हाला सांगायला नको. काच फुटलेली, छताची एक बाजू लोंबकळत होती. शटर वाकून रस्त्यावर पडलं होतं. जमीन तुम्ही म्हटल्याप्रमाणे पक्की केली होती, म्हणून फरशी उचलली गेली नव्हती. चार बोल्ट मात्र ओढून ओढून वाकलेले वर उभे होते. खूप वेळ लागला असणार त्यांना. पोलिसांची दोरी बांधलेली होती, पण तिथं कुणी नव्हतं, एक कुत्रं आतल्या सावलीत झोपलं होतं.

यमुना वहिनी दोरीशी थांबली. मशीनकडे, म्हणजे मशीनच्या जागेकडे, तिनं बघितलंच नाही. ती जमीन बघत होती, भिंती बघत होती, खालून वर, वरून खाली. ती काय शोधते आहे हे मला जरा उशिरा कळलं. शेजारी उसाच्या रसाचा गाडा होता. तिनं त्या म्हाताऱ्याला विचारलं, "भैया, अंदर कौन था?"

"भीतरै कोऊ नइँ हतो, बिन्नू," तो म्हणाला, आत कुणीच नव्हतं म्हणून. "चौकीदार तो कब को हटा लओ। खाली हतो।"

"किसी को लगा नहीं?"

"कोऊ हतो ई नइँ, तो कौन खों लगती?"

ती पायरीवर बसली. काचा होत्या, मी पदरानं झाडल्या. अहो, खोटं कशाला सांगू, मी काहीतरी ऐकायला आले होते. तुमच्या वतीनं. ती म्हणेल की साहेबांचं बरोबर होतं, आणि मी ते तुम्हाला येऊन सांगेन. रिकामी केबिन, वाकलेले बोल्ट, आणि भिंतीवर एक डाग नाही. बँक ज्याला फेल म्हणते ते तुम्हाला हवं होतं, अगदी असंच. मला त्या फुटक्या केबिनचा अभिमान वाटत होता. असलं कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, दुःखानं डोकं फिरलं हिचं.

मग ती म्हणाली, "वैनी, हे साहेबांनी आधी का न्हाई केलं?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती खरोखर विचारत होती, जसं एखादं मूल विचारतं आणि मग उत्तराची वाट बघतं.

मी तिला सांगितलं. तुम्हाला आवडलं नसतं, पण तुम्ही आता नाही, आणि ती इतक्या लांब ऊन सोसत आली होती. सांगितलं, की तेही हेच विचारत होते, बाई. दाढी करताना आरशात, जेवताना घास हातात धरून. आणि कारण त्यांना माहीत होतं. गोदामाच्या आवारात फरशी उखडली, त्या दुपारीच त्यांना कळलं होतं की तिथं माणूस नको. त्याच दिवशी पहारा उठवायला हवा होता. उठवला नाही, कारण तुम्हा सगळ्यांचे पगार बुडाले असते. किसनभाऊंचाही. मुलीची फी होती, घराचं काम काढलं होतं तुम्ही दोघांनी. म्हणून त्यांनी पहारा ठेवला आणि पोस्ट हलवली. पगारही राहील आणि माणूसही राहील असं वाटलं त्यांना. अहो, शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, हे तुम्ही मला सांगितलंत, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा मला कळलं की तुम्ही अंगणात का उठून जायचात. मी तुमचा हात चेपत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी बोलायचं ठरवलं होतं.

यमुना वहिनीनं पदराला चिकटलेला काचेचा तुकडा काढून बाजूला ठेवला.

"त्यो पगार लागतच हुता, वैनी," ती म्हणाली.